रथाच्या पोटातली बासरी

कोबे, १८ एप्रिल

फुसाए,

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान चेरीच्या बहरावर, पाव पान तुझ्या तोकुजींच्या गुडघ्यावर, आणि खरी बातमी कुठे, तर अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी: "नात्सुमे या महिन्यात माध्यमिक शाळेत गेली, तेव्हा यंदापासून तिचं रथावर बसणं बंद. पोरगी समंजस आहे, काही बोलली नाही."

मी चहा ओतत होते. तो टेबलावर सांडला.

तुझी नात बारा वर्षांची आहे. ती काही बोलत नाही याला तू समंजसपणा म्हणतेस, मी दहशत म्हणते. गेल्या शरदात मी जत्रेला आले होते. देवळासमोरच्या वळणावर रथ थांबला, ढोल बंद झाले आणि तिने बासरीवर देवीला उठवायची धून वाजवली, तेव्हा कानेमात्सु म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. त्याचे दात गेले, कवळीतून फुंकर निसटते, म्हणून जत्रेच्या मंडळाने त्याच्या हाताखाली द्यायला गावभर मुलगे शोधले. एक शहरात गेला, एक बेसबॉलकडे गेला, एकाला ओठ दुखतात. टिकली ती एकटी. तेव्हा ती मुलगी आहे हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं? की प्राथमिक शाळेपर्यंत मूल असतं आणि नवा गणवेश चढवला की त्याचा विटाळ होतो?

कारण मला पाठ आहे. डोंगरावरची देवी मत्सरी, तिला रथावर दुसरी बाई खपत नाही. हे देवीने सांगितलं कुणाला? पुरुषांना. विचारायला गेलं कोण? पुरुष. देवीच्या जागी मी असते तर या मंडळींनाच खाली उतरवलं असतं.

तुझा नवरा मंडळाचा प्रमुख आहे. त्याला विचार. तुला जमत नसेल तर मी येऊन विचारते.

मित्सुयो

*

कुरोदानी, ६ मे

ती. ताईस,

डोंगरावर कोवळा पाला आला आहे आणि उन्हात तो इतका चमकतो की डोळे मिटावेसे वाटतात. खाचरांत पाणी सोडलं. बेडकांनी गाव डोक्यावर घेतलं आहे. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते.

ताई, येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस. तू दोन दिवस येशील, चार वाक्यं बोलशील आणि गाडीत बसून जाशील. नंतर इथे राहायचं मला आहे.

मी यांना विचारलं नाही असं समजू नकोस. जेवण वाढताना विचारलं, "यंदा वळणावर बासरी कोण वाजवणार?" हे म्हणाले, "मिसोचं सार जरा खारट झालंय." म्हणजे विषय संपला. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं मला कळतं.

तुला मावशीने कोबेला नेलं, नन्सच्या शाळेत घातलं. तिथे तोंड उघडून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवायचे, असं तू नेहमी सांगतेस. मी इथे राहिले. इथे कुणी पूर्ण वाक्यात बोललं की दुसऱ्या दिवशी त्याची कचऱ्याची पिशवी ढिगावरून उचलून कुणीतरी त्याच्याच दारात आणून ठेवतं. कोण ठेवतं ते कळत नाही. सगळे "सुप्रभात" म्हणतात. वरच्या आळीतल्या सूनबाईने मंडळाच्या वर्गणीचा हिशेब विचारला होता, तिची पिशवी वर्षभर परत येत होती. शेवटी ते घर विकून गेले.

नात्सुमेला अजून तीन वर्षं या गावातल्या शाळेत काढायची आहेत.

आपली,
फुसाए

*

कोबे, २ जून

फुसाए,

बेडकांची खुशाली कळली. निदान ते तरी ओरडतात.

मी निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एकदा परदेशी पाहुण्यांना शहर दाखवायला जाते, हे तुला माहीत आहे. फुकट काम, पण इंग्रजी गंजत नाही. परवा एक उंच बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जपानी लोक किती शांत. कुणी भांडत नाही, कुणी आवाज चढवत नाही. जन्मजात सलोखा आहे तुमच्यात." वर विचारलं, "तुम्ही घरी किमोनो घालता ना?" मी म्हटलं, "घालते. झोपताना. आणि सलोखा म्हणजे काय ते सांगते. घरातल्या बाईने तोंड मिटलं की मागे जो उरतो त्याला आम्ही सलोखा म्हणतो." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांना ती एखादी प्राचीन म्हण वाटली असावी.

आमच्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, "देवाने तोंड दिलं ते सूप प्यायलाच असतं तर चोच दिली असती." त्या बाईने मला छडीही मारली आणि वाचवलंही. लग्न न होता पंचविशी उलटली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मला नाताळानंतरचा केक म्हणायचे. शिळा, निम्म्या किमतीत. मुख्याध्यापक स्वतः म्हणायचे, हसत, चहाचा कप पुढे करत, कारण चहा मीच ओतायचा होता. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आपण कितव्या नाताळचे?" त्यानंतर चहाही ओतावा लागला नाही आणि बढतीही मिळाली नाही. मला सौदा परवडला.

म्हणून मला सांगू नकोस की बोलण्याची किंमत मला माहीत नाही. ती मी भरली आहे. पण तू गप्प बसण्याची किंमत भरते आहेस ती तुझ्या खिशातून नाही, पोरीच्या खिशातून.

नात्सुमेला मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिला काय हवंय ते तिलाच विचारलं.

मित्सुयो

*

कुरोदानी, २० जुलै

कोबेच्या आजीला,

पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते असं आजी म्हणाली, म्हणून करते. उकडतंय.

तू विचारलंस मला काय हवंय. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा आजीशी भांडून झाल्यावर विचारलंस. मला रथावर वर बसायचंय. मंडळाचा निळा सदरा घालून. वळणावर ढोल थांबतात तेव्हा सगळं गाव श्वास धरतं, ते वरून दिसतं. मला तेव्हा वाजवायचंय. बाकी मला काही नको. मंडळ सुधारायचं वगैरे नाही.

मंडळाच्या सभागृहात सराव सुरू झाला. मी आणि बाकीच्या मुली सातूचा गार चहा नेऊन देतो आणि दाराबाहेर थांबतो. बासरी हारुमाला दिली आहे. त्याचे आजोबा म्हणजे उराबे आजोबा, साकेचा कारखाना त्यांचा, आणि रथाचे नवे पडदे त्यांनीच दिले. हारुमा वाईट नाही. पण त्याच्या बासरीतून किटली शिट्टी मारते तसा आवाज येतो, आणि तोही कधी येतो, कधी येत नाही. काल तो चहा घेताना मला हळूच म्हणाला, "तू बाहेरून वाजवत जा ना, मी आतून गाल फुगवतो." आम्ही दोघं हसलो.

कानेमात्सु आजोबा दाराशी बसून ऐकतात आणि डोळे मिटून घेतात. मला म्हणाले, "देवी उठेल ग, पण शिव्या देत."

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आजोबांशी बोल. आई म्हणाली, माझी रात्रपाळी आहे, रविवारी बोलू. आजोबा म्हणाले, चहा आणला का?

नात्सुमे

*

कुरोदानी, १२ सप्टेंबर

ती. ताईस,

सकाळी गवतावर दव दिसू लागलं आहे. भाताच्या ओंब्या वाकल्या. कोबेला अजून उन्हाळा रेंगाळत असेल, सांभाळून राहा.

ताई, आनंदाची बातमी आहे. मार्ग निघाला, आणि सांगायला संकोच वाटतो, पण तो मी काढला.

हारुमाला काही केल्या धून येईना. मंडळात चिंता. यंदा दूरदर्शनवाले येणार आहेत आमच्या जत्रेचं चित्रीकरण करायला, "न बदललेली परंपरा" असं काहीसं नाव आहे. तेव्हा मी यांना भात वाढता वाढता म्हटलं, "रथाच्या पोटात ढोलांचे दोर ठेवायची जागा असते ना, पडद्यामागे? तिथे एखादं लहान मूल सहज बसेल." यांनी आणखी भात मागितला. दोन दिवसांनी मंडळाने ठरवलं. नात्सुमे उजाडायच्या आधी पोटात शिरून बसेल आणि तिथून वाजवेल. हारुमा वर बासरी ओठाला लावून बोटं हलवेल. रथावर बाई बसली असं होत नाही, कारण पोट म्हणजे रथावर नव्हे, रथात.

तिची बासरी वाजणार, मंडळाचा मान राहणार, उराबेंचा नातू वर बसणार. कुणाचंच वाकडं झालं नाही. तू म्हणतेस मी कधी काही करत नाही. हे मी केलं.

नात्सुमेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं."

आपली,
फुसाए

*

कोबे, १६ सप्टेंबर

फुसाए,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की तू चेष्टा करते आहेस.

तू पोरीला दोरांच्या अडगळीत कोंबलंस, आणि मला आनंदाची बातमी म्हणून कळवतेस. तिचा श्वास घ्यायचा आणि उराबेंच्या पोराच्या तोंडाला चिकटवायचा. चोरी करतात ते निदान अंधारात करतात. तुम्ही भर दुपारी, दूरदर्शनसमोर, देवीच्या दारात करणार आणि वर त्याला परंपरा म्हणणार.

आणि तिने "बरं" म्हटलं. ते तू लिहिलंस पण ऐकलं नाहीस. तुझ्याच आवाजातलं "बरं" आहे ते. तिने ते तुझ्याकडून उचललं, जसं इतर मुली आजीकडून लोणचं घालायला शिकतात.

मी जत्रेला येणार नाही. आले तर पडदा फाडीन.

मित्सुयो

*

कुरोदानी, १५ ऑक्टोबर

ती. ताईस,

मेपल लाल व्हायला लागले. डोंगराच्या माथ्यापासून रंग खाली उतरतो आहे. रात्री गारठा असतो.

जत्रा चांगली पार पडली. आभाळ निरभ्र होतं. आम्ही बायकांनी पहाटेपासून चवळीचा लाल भात आणि कंदांचं कालवण शिजवलं, कमी पडलं नाही. दूरदर्शनवाल्यांनी दोनदा मागून घेतलं. सगळे म्हणाले, यंदा बासरी फार सुरेख झाली.

लोकांना जरा त्रास झाला, म्हणून आम्ही दोघं या आठवड्यात घरोघरी जाऊन येणार आहोत. गोड वड्यांचे डबे मागवले आहेत. चांगल्या दुकानातले.

नात्सुमेला सर्दी झाली आहे.

फुसाए

*

कोबे, १७ ऑक्टोबर

फुसाए,

बासरी सुरेख झाली, मग त्रास कसला झाला? माफी मागायला डबे घेऊन हिंडता आहात ते कशाबद्दल?

आणि पोरीला सर्दी झालेली नाही. नात्सुमेला विचारते.

मित्सुयो

*

कुरोदानी, २१ ऑक्टोबर

कोबेच्या आजी,

मला सर्दी नाही.

मी पहाटे पोटात शिरले. आत दोरांचा आणि जुन्या मेणाचा वास होता. मांडी घालता येत नव्हती, पाय पोटाशी घेऊन बसले. रथ निघाला आणि मी वाजवायला लागले, तसं मला आवडलंच. खोटं नाही सांगत. वर हारुमा पाय हलवायचा तेव्हा फळीतून धूळ पडायची. गावभर फिरून झालं. देवळाच्या आधी रथ विसाव्याला थांबला. पडद्याच्या फटीतून मला उराबे आजोबांचा निळा सदरा दिसला. ते म्हणाले, "ती उतरली की लगेच टाका. पुजाऱ्यांच्या नजरेला पडायला नको." आणि आपले आजोबा म्हणाले, "आणलंय." त्यांनी एक पुडी फळीच्या कडेला ठेवली, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. आत मी आहे हे त्यांना माहीत होतं. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते.

मी हात लांबवून पुडी उघडली, आत मीठ होतं. मेलेल्या माणसाच्या घरून आल्यावर विटाळ जायला टाकतो तसं, माझ्या बसायच्या जागेवर टाकायला.

पुडीचा कागद आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा होता. सप्टेंबरचं पान. त्यावर आजीच्या हातानं लिहिलं होतं, "नात्सुमे, दंतवैद्य".

मग रथ वळणावर गेला. ढोल थांबले. मी बासरी खाली ठेवली.

काहीच आवाज नव्हता. इतकी शांतता होती की वर हारुमाची बोटं बासरीवर टपटप वाजत होती ती मला ऐकू येत होती. तो थांबला नाही. त्याला काय करावं कळलं नसेल. पूर्ण धून होईल एवढा वेळ तो बोटं हलवत राहिला आणि सगळं गाव ऐकत राहिलं. मग टाळ्या वाजल्या. आजी, खरंच वाजल्या. संध्याकाळी सभागृहात बायका एकमेकींना म्हणत होत्या, यंदा बासरी सुरेख झाली. मी तिथेच ताटं पुसत होते.

मला कुणी रागावलं नाही. कुणी काही बोललंच नाही. बासरी मी कानेमात्सु आजोबांना परत देऊन टाकली. मला आता नाही वाजवायची. आजीशीही मी बोलत नाही. ती रोज माझ्या डब्यात अंड्याची गुंडाळलेली पोळी घालते, मी ती परत आणते.

नात्सुमे

*

कुरोदानी, २ नोव्हेंबर

ताई,

मीठ मी दिलं.

यांनी जत्रेच्या आदल्या दिवशी म्हटलं, "मूठभर मीठ बांधून दे." मी बांधून दिलं. कशाला, ते विचारलं नाही. विचारायचं नसतं. नात्सुमेने तुला लिहिलेलं पत्र तिने पाकिटात घालायच्या आधी माझ्यासमोर ठेवलं आणि उभी राहिली. मी वाचलं. ती म्हणाली, "हे खरं आहे ना?" मी "हो" म्हटलं. ती पत्र घेऊन टाकायला गेली.

माफीच्या फेऱ्या तोवर सुरू झाल्या होत्या. तुला सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दारात वाकायचं, "त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी" म्हणायचं, डबा ठेवायचा. समोरची म्हणते, "कसला त्रास, काहीच तर झालं नाही." मग दोघी वाकतो. कुणीही बासरीचं नाव काढत नाही. जे झालंच नाही त्याची माफी मी घरोघर मागत होते आणि जे झालं ते माझ्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, माझ्याकडे पाठ करून बसलं होतं.

शेवटचं घर उराबेंचं. ते मोठं, म्हणून डबाही मोठा. उराबेबाई दारात गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो कशाला एवढं. यंदा बासरी किती सुरेख झाली."

मी म्हटलं, "वळणावर बासरी वाजलीच नाही."

त्या हसल्या. "वारा होता ना, कुणाकुणाला ऐकू नसेल आली."

"वारा नव्हता. नात्सुमेने बासरी खाली ठेवली. ती बसली होती तिथे मीठ टाकायचं ठरलं होतं. ते तिने ऐकलं."

आमचे हे माझा कोपर ओढायला लागले. "फुसाए, चल." आतून उराबे आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. यांना म्हणाले, "तोकुजी-सान, वहिनींची तब्येत बरी दिसत नाही."

"तब्येत बरी आहे," मी म्हटलं. "मीठ माझ्या घरचं होतं आणि नात माझी आहे. तुमची माफी मागायला आले होते. आता मागत नाही. मागायची आहे ती दुसऱ्या कुणाची तरी."

आणि मी डबा परत उचलला. दिलेला डबा परत उचलताना मी जन्मात कुणाला पाहिलेलं नाही. कसा उचलायचा तेही कळेना, म्हणून ठेवताना जसा धरला होता तसा दोन्ही हातांनी धरला आणि चालायला लागले. हे मागून येत होते, पण बरेच मागून.

नात्सुमे नदीच्या बांधावर बसली होती. मी शेजारी बसले. तिच्यापुढे वाकले, अगदी खाली, कपाळ गवताला लागेपर्यंत. तिने "कसला त्रास, काहीच तर झालं नाही" असं म्हटलं नाही. ती म्हणाली, "मला खूप वाईट वाटलं, आजी." मग आम्ही डबा उघडला. महागाच्या वड्या चांगल्या असतात, ताई. मी आयुष्यभर त्या दुसऱ्यांनाच देत आले.

कानेमात्सुकडून बासरी मीच आणली. तो म्हणाला, "घेऊन जा. मी कवळी काढून पाहिली, कवळी घालून पाहिली, ती माझं ऐकत नाही."

काल संध्याकाळी समोर सभागृहात मंडळाची बैठक होती. मी आमच्या खोलीची खिडकी उघडली. हे निघायच्या तयारीत होते. म्हणाले, "लाव ती. लोक ऐकतील." मी म्हटलं, "म्हणूनच उघडली." नात्सुमेने ती धून वाजवली. मिरवणुकीतली नाही, वळणावर वाजायची राहिली होती ती, देवीला उठवायची. सभागृहातले आवाज बंद झाले. हे दारात एक बूट घालून उभे राहिले, धून संपेपर्यंत दुसरा घातला नाही.

जेवताना मी यांना सांगितलं की पुढच्या वर्षी ती निळा सदरा घालून वर बसणार नसेल तर मंडळाचा भात माझ्या हातून शिजणार नाही. आणखी तीन घरच्या बायकांनी मला हेच सांगितलं आहे, हळू आवाजात, पण सांगितलं आहे. हे म्हणाले, "मिसोचं सार खारट झालंय." मी वाटी उचलली, मोरीत ओतली आणि रिकामी वाटी त्यांच्यासमोर ठेवली. काय म्हणायचं ते म्हणा म्हटलं, मी ऐकते आहे. त्यांनी रिकामी वाटी बाजूला सारली. मग ते म्हणाले, "मीठ मी ठेवायला नको होतं."

एवढंच म्हणाले. वर बसेल की नाही ते नाही म्हणाले.

आज सकाळी आमची कचऱ्याची पिशवी दारात होती. मी ती उचलून ढिगावर नेऊन ठेवली आणि गाडी येईपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले. जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना मी सुप्रभात म्हटलं, पूर्ण वाक्यात. पुढची गाडी मंगळवारी.

ताई, ये.

फुसाए

*

कोबे, ५ नोव्हेंबर

प्रिय फुसाएस,

इथे शेवंती फुलली आहे. शेजारच्या घराच्या कुंपणावर पिवळी, आणि बंदराच्या रस्त्याला पांढरी. सकाळी हवेत थोडा धूर असतो आणि सूर्य उशिरा वर येतो. तुझ्याकडे डोंगर आता पूर्ण लाल झाला असेल.

सोमवारच्या गाडीने निघते. कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते कळव. एकटीने उभी राहू नकोस.

तुझी,
ताई